कुलूप कोणाचं?

मागच्या मे महिन्यात माझी भाची आठ दिवस पुण्याला आमच्याकडे होती. नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्याच रात्री जेवताना म्हणाली, "मामा, मला सिक्युरिटी शिकायचीय. सुरुवात कुठून करू?" गेली वीसेक वर्षं माझं पोट याच कामावर चालतं, त्यामुळे उत्तर तयार असायला हवं होतं. यादी करून देतो म्हटलं आणि रात्री खरंच फोनवर यादी करायला बसलो. पहिल्या ओळीत 'जॉन द रिपर' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग फोन उशीखाली सारून झोपलो.

जॉन द रिपर हे पासवर्ड शोधून काढायचं अवजार आहे. माझं आणि त्याचं जुनं नातं आहे, आणि ते सांगण्यासारखं आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याआधी त्या अवजाराचं घराणं सांगितलं पाहिजे, कारण माझी गोष्ट त्या घराण्याच्या गोष्टीतच बसते.

१९७९ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी पासवर्डांच्या सुरक्षिततेवर एक छोटासा लेख छापला. थॉम्प्सन म्हणजे युनिक्सच्या दोन जनकांपैकी एक. युनिक्समध्ये पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याचं पीठ करून ठेवतात. पिठाचा परत गहू होत नाही, म्हणून पीठ उघड्यावर ठेवलं तरी चालेल अशी समजूत होती, आणि ते खरोखरच उघड्यावर, कुणीही वाचावं अशा फाइलीत असायचं. मॉरिस आणि थॉम्प्सन यांचं म्हणणं असं, की पिठाचा गहू करायची गरजच नाही. जगातले सगळे गहू एकेक करून दळा आणि कुठलं पीठ जुळतं ते बघा. आणि माणसं गहू निवडताना फारसा विचार करत नाहीत. त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड गोळा केले होते. त्यातले १५ चक्क एका अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. पाच-सहा अक्षरांचे सरधोपट शब्द, शब्दकोशातले शब्द, नावं वगैरे धरून एकूण २,८३१ पासवर्ड सहज सापडण्याजोगे निघाले. म्हणजे शंभरात शहाऐंशी.

यावर उपाय म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळं चिमूटभर मीठ टाकायचं ठरलं. तिथे त्याला 'सॉल्ट'च म्हणतात. असं मीठ ४,०९६ प्रकारचं होतं, त्यामुळे एकदा दळून ठेवलेलं पीठ सगळ्यांशी ताडून बघता येईना. शिवाय गिरणी मुद्दाम हळू केली: एकच दळण पंचवीस वेळा दळायचं. खऱ्या माणसाला अर्धा-पाऊण सेकंद जास्त थांबावं लागलं तरी बिघडत नाही, पण लाखो गहू तपासू पाहणाऱ्याचे दिवस जातात.

या लेखाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तो छापला गेला. आमचं कुलूप कच्चं आहे, ते असं उघडतं आणि आम्ही स्वतः उघडून पाहिलं, हे कुलूप बनवणाऱ्यांनीच भर चौकात सांगितलं. नवशिक्याला आजही मी हा लेख आधी वाचायला सांगतो. मोजकी पानं आहेत आणि गणिताची भीती असलेल्यालाही कळतात.

आता याच घरातली पुढची पिढी. २ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेतल्या इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सुटला आणि स्वतःच्या प्रती काढत या संगणकावरून त्या संगणकावर पसरत गेला. काही हजार यंत्रं त्याच्या ओझ्याखाली बसली. नेहमी सांगितला जाणारा आकडा सहा हजार आहे, पण तो अंदाजच. हा प्रोग्रॅम लिहिणारा कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, त्याच मॉरिसचा मुलगा. वडील तोवर अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक सुरक्षेचे मोठे शास्त्रज्ञ झाले होते. मुलाच्या प्रोग्रॅममध्ये शिरकाव करायच्या तीन-चार युक्त्या होत्या, आणि त्यातली एक वडिलांच्या लेखातलीच होती: पासवर्ड ओळखणे. त्यासाठी त्यानं ४३२ शब्दांची यादी बरोबर बांधून दिली होती. ती यादी आजही वाचायला मिळते. बीथोव्हेन, आइन्स्टाइन, स्नूपी, गारफील्ड, वॉमबॅट. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी विद्यापीठात कोण काय वाचत होतं, कुणाला देव मानत होतं, याचा तो एक छोटासा गॅझेटिअरच आहे.

मुलगा १९८६ च्या संगणक गुन्ह्यांच्या कायद्याखाली दोषी ठरला. तुरुंग टळला, पण तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरच्या वर दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. आणि या गोंधळानंतर काही आठवड्यांतच अशा आपत्तींना तोंड द्यायला कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' नावाचं केंद्र निघालं. या विद्यापीठाचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९९१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या विद्यापीठात काम करणाऱ्या अ‍ॅलेक मफेटनं 'क्रॅक' नावाचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. आपल्या वापरकर्त्यांचे पासवर्ड कच्चे आहेत का, हे सिस्टिम सांभाळणाऱ्यानं चोराआधी तपासावं, हा हेतू. जॉन द रिपर हा त्याचा १९९६ चा धाकटा, चपळ भाऊ.

हे क्रॅक चालवल्याबद्दल एका माणसाचं आयुष्य बारा-तेरा वर्षं टांगून राहिलं. रँडल श्वार्त्झ हा पर्ल भाषेवरच्या गाजलेल्या पुस्तकांचा लेखक. तो ओरेगनमध्ये इंटेलकडे कंत्राटावर सिस्टिमचं काम करत होता. १९९३ मध्ये त्यानं कंपनीच्या पासवर्ड फाइलीवर क्रॅक चालवलं. कच्चे पासवर्ड दाखवून द्यायचे होते, असं त्याचं म्हणणं. पण ते काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्या विभागाची ती यंत्रं होती तिथे तो तेव्हा कामालाही नव्हता. १९९५ मध्ये तो तीन गुन्ह्यांत दोषी ठरला. २००७ मध्ये ती नोंद पुसली गेली. त्याच्या पर्लच्या पुस्तकाची झेरॉक्स इंजिनिअरिंगला असताना माझ्या खोलीत होती. मागचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे लेखकाविषयी काही कळायची सोय नव्हती, आणि त्या पानावर हे असणारही नव्हतं.

माझी गोष्ट २००१ ची. कॉलेजचं नाव नको. लॅबमध्ये वीसेक लिनक्सची यंत्रं होती आणि कुठल्याही यंत्रावरून एकच लॉगिन चालावं म्हणून एनआयएस नावाची सोय होती. तिचा साधासा दोष असा, की एक आज्ञा दिली की सगळ्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची यादी पिठासकट पडद्यावर यायची. मी ती फ्लॉपीवर घेतली. हॉस्टेलवर आमचा तिघांत मिळून घेतलेला सेलेरॉन होता. त्यावर मासिकाबरोबर आलेल्या सीडीतलं लिनक्स टाकलेलं. जॉन सायबर कॅफेतून आणला. रात्रभर चालवला आणि सकाळी बघितलं तर फक्त सात-आठ पासवर्ड निघालेले. कारण जॉनबरोबर येणारी शब्दांची यादी आपल्याकडची नव्हती. त्यात मोरया नव्हता.

मग मी स्वतः यादी केली. या कामात मला जेवढा आनंद झाला तेवढा इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत दुसऱ्या कशात झाला नाही. मोरया, साईराम, स्वामी, जय भवानी जोडून. शिवनेरी, रायगड, राजगड. सचिन, सचिन१०, माधुरी. बाबा, आईबाबा. गावांची नावं, मुलींची नावं, आणि त्या सगळ्यांपुढे १२३. दुसऱ्या सकाळी चाळीसच्या वर पासवर्ड पडद्यावर होते. त्यात विभागप्रमुखांचाही होता. तो त्यांच्या मुलीच्या नावावर होता.

हे काहीतरी मोठं आहे आणि सरांना दाखवलं पाहिजे, असं मला खरंच वाटलं. छापील यादी घेऊन गेलो. त्यांनी यादीवर नजर फिरवली, स्वतःच्या नावाशी थांबले, आणि पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. नवा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला होता आणि त्यात 'हॅकिंग' हा शब्द होता. तो कायदा कुणी वाचला होता की नाही देव जाणे, पण पोलिसांत देऊ हे दोनदा ऐकवून झालं. सत्रभर लॅब बंद, घरी पत्र. वडील एसटीनं आले, सरांसमोर हात जोडून उभे राहिले, आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

श्वार्त्झची हकीकत पुढे कधीतरी वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मीही त्याच माळेतला मणी, चांगल्या हेतूचा बळी. मुलाखतींत, मित्रांत, नंतर नवशिक्यांपुढे बोलताना मी ही गोष्ट अशीच सांगत आलो. विभागप्रमुखांच्या मुलीच्या नावाशी हमखास हशा येतो.

उरलेली गोष्ट तिथे सांगत नाही, ती नंतर.

एक प्रश्न इथे पडायला हवा: मी कॉलेजच्याच फाइलीला हात का घातला? कारण दुसरी फाइल नव्हती. चाळीस माणसं वापरतात असं यंत्र स्वतःकडे असणं शक्य नव्हतं. संगणक सुरक्षा शिकायच्या साधनांचा इतिहास लोक सहसा अवजारांचा म्हणून सांगतात. आधी हे आलं, मग ते आलं. मला तो इतिहास कुलपांचा वाटतो. विद्या तर फार लवकर मिळायला लागली होती. 'फ्रॅक' हे इलेक्ट्रॉनिक मासिक १९८५ पासून निघत होतं. त्याच्या एका संपादकावर, क्रेग नाइडॉर्फवर, १९९० मध्ये खटला भरला गेला, कारण त्यानं टेलिफोन कंपनीचा तातडीच्या सेवेविषयीचा एक कागद छापला होता. त्या कागदाची किंमत कंपनीनं ऐंशी हजार डॉलरच्या घरात सांगितली होती. तशीच माहिती उघडपणे तेरा डॉलरला विकत मिळते हे कोर्टात निघालं आणि खटला मागे घ्यावा लागला. १९९६ च्या अंकात 'अलेफ वन' या टोपणनावानं आलेल्या लेखानं बफर ओव्हरफ्लो, म्हणजे दिलेल्या जागेत न मावणारा मजकूर कोंबून प्रोग्रॅमला आपल्या तालावर नाचवणं, पायरीपायरीनं शिकवलं. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला फ्योदोरनं त्याच मासिकातल्या लेखात 'एनमॅप' अख्खा छापून टाकला. समोरच्या यंत्राची कुठली दारं-खिडक्या उघडी आहेत ते तो सांगतो. फ्योदोर हे नाव दस्तयेव्हस्कीवरून घेतलेलं. (२००३ च्या मॅट्रिक्सच्या दुसऱ्या भागात ट्रिनिटी वीजकेंद्रात शिरताना हाच एनमॅप चालवते. थिएटरात आम्ही चौघं ओरडलो आणि आजूबाजूच्यांनी वळून बघितलं.)

आणि सैतानाचं प्रकरण. डॅन फार्मर आणि नेदरलँड्समधला विएत्से व्हेनेमा यांनी १९९३ मध्ये एक निबंध लिहिला होता. स्वतःचं जाळं सुरक्षित करायचं तर ते स्वतः फोडून बघा, असा त्याचा आशय. त्या निबंधाला पाय फुटले ते ५ एप्रिल १९९५ ला: ब्राउझरमधून चालणारं, दुसऱ्याच्या जाळ्यातले कच्चे दुवे शोधणारं 'सेटन'. नाव आद्याक्षरांवरून केलं होतं, पण सैतान तो सैतान. नावाचा ज्यांना त्रास होईल त्यांच्यासाठी आत 'रिपेंट' नावाची एक आज्ञा होती. ती दिली की अक्षरं फिरून सगळीकडे 'सँटा' व्हायचं. वर्तमानपत्रांनी आठवडेच्या आठवडे आधी हाकाटी केली, फार्मरची सिलिकॉन ग्राफिक्समधली नोकरी गेली. सेटन आलं आणि भाकीत केलेला प्रलय काही आला नाही. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली. मी तेव्हा शाळेत होतो.

म्हणजे १९९७ पर्यंत किल्ल्या होत्या, किल्ल्या कशा घडवायच्या त्याची पुस्तकं होती. त्या लावून बघायला कुलूप मात्र नेहमी दुसऱ्याचं.

खऱ्या कुलपांच्या धंद्यात हा प्रश्न शंभराहून जास्त वर्षं आधी सुटला होता. लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलेलं असायचं: हे उघडणाऱ्याला २०० गिनी. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी आलेला हॉब्ज हा अमेरिकी कुलूपवाला ते आव्हान घेऊन बसला. देखरेखीला पंच होते. सोळा दिवसांत मिळून ५१ तास खटपट करून त्यानं ते उघडलं. त्याआधी चबचं प्रसिद्ध कुलूप त्यानं साधारण पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं होतं. लंडनमध्ये खळबळ माजली, चोरांना शिकवताय का म्हणून आरडाओरडा झाला. दोन वर्षांनी कुलपांवरच्या एका पुस्तकात चार्ल्स टॉमलिन्सनचं उत्तर छापून आलं, की चोरांना त्यांचा धंदा आधीपासूनच येतो, अडाणी राहतो तो कुलूप विकत घेणारा. हे उत्तर आमच्या धंद्यात इतक्यांदा उगाळलं जातं की मला आता त्याचा कंटाळा येतो. हॉब्जच्या गोष्टीतली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ते कुलूप त्यासाठीच टांगलेलं होतं. ब्रामाच्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्यानं दार उघडलं नव्हतं.

आमच्याकडे अशी टांगलेली कुलपं आली ती एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवायची सोय घरगुती यंत्रांवर आली तेव्हा. व्हीएमवेअरनं १९९९ मध्ये हे विकायला काढलं, २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळू लागलं. मग मुद्दाम कच्ची ठेवलेली यंत्रं तयार करून वाटणं शक्य झालं: वेबगोट, डीव्हीडब्ल्यूए, मेटास्प्लॉइटेबल. फोडा, बिघडलं तर पुसून टाका, पुन्हा टाका. अवजारांचा सगळा पसारा एकाच सीडीत भरलेलं 'बॅकट्रॅक' २००६ चं, त्याचंच २०१३ मध्ये 'काली' झालं. आणि त्याच २०१३ मध्ये शाळकरी मुलांना फोडाफोडी शिकवणारी 'पिकोसीटीएफ' ही स्पर्धा सुरू झाली. ती कार्नेगी मेलननं सुरू केली.

तर भाचीला मी दुसऱ्या दिवशी यादी दिली, जॉन वगळून. काली आत्ताच नको म्हटलं. सुताराचं सगळं कपाट एकदम उघडलं की खुर्ची होत नाही. आधी 'बँडिट' खेळ: कमांड लाइनवर एकेक कोडं सोडवायचं, प्रत्येक कोड्यात पुढच्या पायरीचा पासवर्ड लपलेला. वायरशार्क लावून स्वतःच्याच लॅपटॉपची ये-जा बघ. मग डीव्हीडब्ल्यूए. तिनं दोन दिवसांत बँडिटच्या दहा पायऱ्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "पासवर्ड क्रॅक कसे करतात ते कधी?"

टाळण्यात अर्थ नव्हता. तिच्या लॅपटॉपच्या पोटात एक लिनक्स उभं केलं, दहा खोटी माणसं केली, पासवर्ड तिनं मला न दाखवता ठेवले. पीठ घेतलं, जॉन चालवला. दोन निघाले, बाकी अडले. ती खुशीत. मग मी माझ्या जुन्या फाइलींतून एक यादी काढून जोडली आणि बघता बघता आणखी पाच निघाले. त्यात मोरया१२३ होता, राजगड होता.

"ही यादी कुठे मिळाली?"

मग सांगितलं. विभागप्रमुखांपर्यंतचं नेहमीसारखं. ती हसली नाही, म्हणून असेल, पण पुढचंही सांगितलं. सरांकडे जायच्या आधी ती यादी मी खोलीत भिंतीला लावली होती, पराक्रम म्हणून. आमच्या तिघांपैकी एकानं त्यातला एक पासवर्ड घेतला, वर्गातल्या एका मुलीचा. कॉलेजच्या सर्व्हरवर मेल असायचा, तो पाइनमध्ये वाचायचा. त्यानं तिचे मेल वाचले. तिला येणारी काही पत्रं हॉस्टेलच्या मेसमध्ये नकला करून वाचून दाखवली. मीही होतो तिथे. चार दिवसांत ते वर्गात पोचलं, आणि ती मुलगी त्या सत्रात लॅबला यायची थांबली. माझी चौकशी झाली तेव्हा कुणी हे विचारलंच नाही. तिनं तक्रार केली नव्हती, आणि मी सांगितलं नाही. मला शिक्षा झाली ती सरांचा पासवर्ड काढल्याची, आणि त्या शिक्षेवर मी वीस वर्षं अन्याय झाल्यासारखा चेहरा करून काढली.

२००९ पासून आपल्याकडच्या कायद्यातल्या त्या कलमातला 'हॅकिंग' शब्द गेला. आता तिथे मालकाची परवानगी होती का आणि इरादा लबाडीचा होता का, हे विचारतात. माझ्या बाबतीत सरांनी तेव्हा हे दोन प्रश्न विचारले असते तर दुसऱ्याचं उत्तर मी छाती काढून दिलं असतं.

भाचीनं विचारलं, "तिला सांगितलंस का कधी, की यादी तुझी होती?"

"नाही."

"कुठे असते आता?"

मला माहीत आहे. आमच्याच धंद्यात आहे, एका परिषदेत लांबून दिसलीही होती. तेवढं सांगितलं. भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग जॉनची खिडकी बंद करून तिनं बँडिटची उघडली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. बाराव्या पायरीवर अडली होती: एक दाबून भरलेली फाइल, ती उघडली की आत दुसरी, ती उघडली की आत तिसरी. "ह्यात किती आहेत अजून?" म्हणाली. मी म्हटलं, उघडत राहा.